हक्काचा कप्पा



आजच्या फलकावर आमचे नाव आणि त्याखाली 'निजण्याच्या खोलीतील कपाट : आखणी व रचना' हा विषय वाचून, लिहिणाराच्या हातून काही घोटाळा झाला असावा असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. तसा घोटाळा झालेला नाही. चालकांचे पत्र आले तेव्हा त्यांनी 'कामगार चळवळीपुढील प्रश्न' असा विषय सुचवला होता. आम्ही उलट कळवले की, तीस वर्षे आम्ही त्याच प्रश्नांवर बोलत आलो आहोत आणि प्रश्न आहेत तेथेच आहेत. एकदा कपाटावर बोलू द्या. चालक मंडळी सज्जन. त्यांनी होकार दिला. तेव्हा व्याख्यान फसले तर दोष आमचा, चालकांचा नव्हे.

या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, हे आधी सांगितले पाहिजे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कामगारवस्तीतल्या वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकासमोर झाले. गृहरचनेचे शास्त्र आम्ही शिकलो नाही आणि हातात रंधाही धरलेला नाही. मात्र लाकूडकाम करणाऱ्या मेस्त्री लोकांची संघटना बांधताना काही वर्षे त्यांच्या संगतीत गेली आणि त्यांचे काम जवळून पाहता आले. शिवाय आम्ही स्वतःच्या घरासाठी एक कपाट कागदावर आखले आणि ते पूर्णपणे चुकवले. ती चूक कशी झाली आणि ती कोणी सुधारली, एवढेच आज सांगावयाचे आहे.

'कपाट' हा शब्द मूळचा संस्कृत. त्याचा अर्थ दाराची फळी. बदरीनाथाचे कपाट उघडले, असे आपण दर वर्षी वर्तमानपत्रात वाचतो ते याच अर्थाने. म्हणजे कपाटाला नाव मिळाले ते त्याच्या दारावरून. आत काय ठेवले आहे त्यापेक्षा ते दाराआड ठेवता येते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना महत्त्वाची वाटली असावी. 'अलमारी' हा दुसरा शब्द पोर्तुगीजांकडून आला. वस्तूही तशी अलीकडचीच. जुन्या वाड्यांत भिंतीत फडताळे असत, कोनाडे असत, कपड्यांसाठी खुंट्या आणि आढ्याला टांगलेली दांडी असे. ठेवणीतली वस्त्रे पेटाऱ्यात किंवा संदुकीत. पुढे पत्र्याची ट्रंक आली, आणि १९२३ पासून गोदरेजच्या कारखान्यात पोलादी कपाटे तयार होऊ लागली. काही वर्षांनी तर 'गोदरेज' म्हणजेच कपाट असा अर्थ घराघरांत रूढ झाला. मुलीच्या लग्नात बापाने ते कपाट द्यावे आणि हातगाडीवरून त्याची वरात निघावी, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे.

आम्ही वाढलो ती खोली गिरणगावातल्या चाळीतली, दहा बाय बाराची. वडील गिरणीत. त्या खोलीत आम्ही घरचे पाच आणि गावाकडून आलेले तीन पाहुणे राहत होतो. पाहुणे म्हणावयाचे एवढेच, त्यांतले एक अकरा वर्षे राहिले. प्रत्येक पुरुषाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवर एक खुंटी. खुंटी कोणाची याबद्दल तंटा होत नसे, कारण तो अलिखित करार होता. आईची वेगळी ट्रंक नव्हती. तिची लुगडी वडिलांच्या ट्रंकेत तळाशी असत आणि त्या ट्रंकेची किल्ली वडिलांच्या जानव्याला नसली तरी कडदोऱ्याला असे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही अकरा वर्षांचे होतो. त्या पावसाळ्यात ट्रंक हलकी होत गेली. सणाचे लुगडे प्रथम गेले, मग वडिलांचा कोट. ट्रंक मात्र राहिली, आणि ती पुढे आमच्या संसारात आली. हे मुद्दाम सांगितले, कारण पुढच्या गोष्टीत ती ट्रंक पुन्हा येणार आहे.

आता कारखान्याची गोष्ट. ठाण्याच्या बाजूला औषधांच्या एका कारखान्यात आमची संघटना होती. गोळ्यांच्या पाकिटबंद विभागात सगळ्या बाया. कामावर त्यांना कारखान्याचा गणवेश घालावा लागे. स्वतःचे कपडे मोरीच्या भिंतीला मारलेल्या खिळ्यांवर. पावसाळ्यात भिजून आलेली साडी त्याच खिळ्यावर ओलीच राही आणि संध्याकाळी तीच नेसून स्टेशन गाठावे लागे. आमच्या मागणीपत्रात पगारवाढ पहिली आणि 'कपडे ठेवण्यासाठी कप्पे' ही मागणी नववी होती. व्यवस्थापनाने ती वाचून हसून घेतले. आम्ही त्यांना १९४८ च्या कारखाना कायद्याचे ४३ वे कलम दाखवले. कामाच्या वेळी अंगावर नसलेले कपडे ठेवण्यास योग्य जागा असावी आणि ओले कपडे वाळवण्याची सोय असावी, असे नियम करण्याचा अधिकार त्या कलमाने राज्य सरकारला दिलेला होता. कायदे करणारांनी पोलाद, बाष्पपात्रे आणि यंत्रांची चाके यांच्याबरोबर ओल्या कपड्यांचाही विचार केला होता, याचे आम्हाला तेव्हाही कौतुक वाटले आणि आजही वाटते.

अकरा दिवस फाटकावर बसल्यावर कप्पे मिळाले. एक फूट रुंद, तीन फूट उंच, पत्र्याचे, प्रत्येकाला निराळी किल्ली. पंधरा दिवसांनी आम्ही सहज विचारले की, कोणी काय ठेवले आहे? एक वयस्क बाई होत्या. त्यांच्या कप्प्यात एक कोरडी साडी, एक फणी आणि पोस्टाचे पासबुक. ते पासबुक आजवर घरी तांदळाच्या डब्यात लपवलेले असे. त्या म्हणाल्या, "भाऊ, आता तांदूळ काढताना भीती नाही वाटत." त्यावर आम्ही फाटकावर एक जोरदार भाषण केले. माणसाला जगण्यासाठी जागा लागते तशी स्वतःची म्हणून कुलूप लावता येईल अशी वीतभर जागाही लागते, असे काहीसे. टाळ्या पडल्या.

या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. १९९७ साली आमचे लग्न झाले आणि २०१९ साली आम्ही दोन खोल्यांच्या घरात राहावयास गेलो. निजण्याची खोली दहा बाय दहाची. कपाट करावयाचे ठरले. मेस्त्री ओळखीचे, राजस्थानातून येऊन वीस वर्षे इकडेच राहिलेले. आम्ही एका रात्री बसून, सभेच्या हस्तपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर कपाटाचा नकाशा काढला. सहा फूट रुंद, सात फूट उंच, दोन फूट खोल. उजवीकडे आमचे सदरे टांगण्यासाठी दांडी. मध्ये संघटनेच्या फायली आणि कागदपत्रांचा खण. डावीकडे मुलीची पुस्तके व कपडे. आईसाठी तळाचा एक खण. आणि साड्या? साड्या सर्वांत वरच्या फळीवर, कारण त्या म्हणे रोज लागत नाहीत.

मेस्त्रींनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, "कपडे किती आहेत?"

आम्हाला सांगता येईना. कारखान्यात किती कामगार कायम आणि किती हंगामी हे आम्ही झोपेतून उठून सांगितले असते. घरात कोणाचे किती कपडे, ते कोठे असतात, हे ठाऊक नव्हते. आमच्या घरातील मंडळी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांची उंची पाच फूट. वरची फळी साडेसहा फुटांवर. त्यांनी कागद हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "कारखान्यातल्या बायांना कप्पा मिळावा म्हणून तुम्ही अकरा दिवस फाटकावर बसलात. बावीस वर्षं माझ्या साड्या मामंजींच्या ट्रंकेत आहेत. आमचं फाटक कुठं आहे तेवढं सांगा, म्हणजे मीही जाऊन बसते."

मेस्त्री चहाच्या कपात पाहू लागले. आम्हीही पाहू लागलो. असो. दुसऱ्या दिवशी तो कागद फाडला आणि नव्याने आखणी सुरू झाली. त्या आखणीत आम्ही जे शिकलो ते आता क्रमाने सांगतो. कोणी टिपून घेतले तर आम्हाला आनंदच होईल.

पहिले काम मोजणीचे. भिंत मोजण्याच्या आधी कपडे मोजावेत. एका रविवारी घरातले सगळे कपडे जमिनीवर काढावेत आणि ज्याचे त्याने चार ढीग करावेत : रोजचे, बाहेर जाण्याचे, सणाकार्याचे आणि ऋतूपुरते. मग एक पाचवा ढीग आपोआप तयार होतो. त्यात अहेराचे खण, ब्लाऊजपीस, टॉवेल-टोप्या आणि कोणालाच नको असलेल्या वस्तू असतात. आमच्या घरी त्या ढिगात सत्काराच्या एकोणीस शाली निघाल्या. थंडी आमच्या गावी पडत नाही, पण सत्कार होत राहतात. या पाचव्या ढिगासाठी कपाटात जागा करू नये. तो वाटून टाकावा. कपाट लहान पडते ते पुष्कळदा या ढिगामुळे.

दुसरे काम जागेचे. भिंत वरती, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी, कारण भिंती ओळंब्यात असतातच असे नाही, आणि कोपरा गुण्यात असतोच असे नाही. तिन्हींत जे माप सर्वांत कमी ते खरे धरावे. दार पूर्ण उघडते काय, खिडकी झाकली जात नाही ना, विजेचे बटण कपाटामागे जात नाही ना, हे पाहावे. न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि पावसाचा मारा घेणारी बाहेरची भिंत, या दोन्ही शक्य तो टाळाव्यात. कोकणात आणि मुंबईकडे पाऊस नैऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटात श्रावणापर्यंत कपड्यांना बुरशीचा वास येऊ लागतो.

तिसरे काम खोलीचे. येथे 'खोली' म्हणजे कपाटाची खोली, आतल्या बाजूचे माप. आमच्या चुकीचे मूळ यातच होते. कपाट दोन फूट खोल असावे, हे माप सगळीकडे छापलेले सापडते. ते माप कशावरून आले? कोट टांगण्याचा हँगर सतरा-अठरा इंच रुंद असतो. तो आडवा मावावा, बाहीला मोकळी जागा राहावी आणि दार लागावे, म्हणून बावीस ते चोवीस इंच. ज्या देशांत सगळे कपडे टांगले जातात तेथे हे माप योग्यच आहे. आपल्या घरांत टांगण्यापेक्षा घडी घालण्याचे कपडे अधिक. साडी, लुगडे, धोतर, पंचा, चादर, सोलापुरी पांघरूण, सगळा घडीचा संसार. साडीचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंच. त्याची चौपदरी घडी केली की अकरा-सव्वाअकरा इंच होते. दोन फूट खोल फळीवर या घडीच्या मागे तेवढीच जागा उरते. त्या जागेत मागची रांग लागते आणि मागच्या रांगेतली साडी पुढच्या दिवाळीपर्यंत डोळ्यांस पडत नाही.

मेस्त्रींनी सुचवले की, खोली सोळा इंच करा. आम्ही विचारले, सदऱ्यांचे काय? ते म्हणाले, हँगरची दांडी आडवी न लावता पुढून मागे लावा. सदरे दाराकडे तोंड करून राहतील. दांडी पुढे ओढता येईल अशी मिळते. सहा फुटांचे तीन समान भाग केले तर फळ्यांची जाडी वजा जाता प्रत्येक भाग आतून तेवीस इंच. अठरा इंचांचा हँगर त्यात आरामात मावतो आणि साड्यांच्या अकरा इंचांच्या दोन थप्प्या शेजारी शेजारी बसतात.

आता यात मिळवले काय ते पाहा. खोली दहा फूट. खाट सव्वासहा फूट लांब. कपाट दोन फूट खोल केले असते तर खाट आणि कपाट यांत एक फूट नऊ इंच वाट उरली असती. त्यात उभे राहून दार उघडावयाचे म्हणजे पोट आत ओढून घ्यावे लागते. सोळा इंचांमुळे ती वाट दोन फूट पाच इंच झाली. दुसरा लाभ पैशाचा. प्लायवूडचा तक्ता आठ फूट बाय चार फूट येतो. दोन फुटांच्या पट्ट्या काढल्या तर त्यातून दोनच निघतात. सोळा इंचांच्या तीन. करवतीच्या जाडीपुरते पाव-अर्धा इंच कमी धरा. सहा तक्ते लागणार होते, ते पाचांत भागले. म्हणून आमचे सांगणे असे की, नकाशा पुरा करण्याच्या आधी मेस्त्रीला तक्त्याचा हिशेब विचारावा. ज्याने शेकडो तक्ते कापले आहेत त्याला पुस्तकात नसलेल्या गोष्टी ठाऊक असतात.

चौथे काम उंचीचे, आणि येथे न्यायाचा प्रश्न येतो. कपाटात सगळ्या जागा सारख्या नसतात. गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंतची जागा ही सुपीक जमीन. तिच्या खालची आणि वरची वरकस. खाली वाकावे लागते, वर स्टूल लागते. आमच्या पहिल्या नकाशात सगळी सुपीक जमीन आमच्या नावावर होती आणि वरकस जमीन बायकांच्या. नव्या आखणीत नियम केला की, घरातल्या प्रत्येक माणसाच्या रोजच्या कपड्यांना त्याच्या स्वतःच्या उंचीची सुपीक जागा मिळाली पाहिजे. पाच फूट उंचीच्या बाईला साडेपाच फुटांपलीकडची फळी रोजच्या कामाची नाही. आमच्या आईला उभे राहून काही शोधणे जड जाते, ती पाटावर बसून कपडे लावते. तिची सुपीक जमीन जमिनीपासून एक ते अडीच फूट. तिला तळाचा खणच द्यावयाचा, पण तो तिच्या सोयीने, उरलेला म्हणून नव्हे. घरात लहान मूल असेल तर त्याचा सदरा त्याच्या हाताशी असावा. स्वतःचे कपडे स्वतः काढणारे आणि ठेवणारे मूल ही आईला मिळालेली मोठीच सवलत असते. गाद्या, गोधड्या, गणपतीची आरास, बॅगा, हे सगळे माथ्यावरच्या माळ्यावर.

मापांचा तपशील असा. सदऱ्याला टांगून चाळीस इंच उंची पुरते. साडी टांगावयाची असेल तर साडेपाच मीटर लांबीच्या दोनदा घड्या घालून हँगरवर टाकली की सत्तावीस इंच लोंबते. आकड्यासह तीन फूट धरावेत. म्हणजे सात फुटांत खाली-वर दोन दांड्या बसतात. नऊवारी मात्र टांगू नये, तिचे वजन हँगरला पेलत नाही. साड्यांच्या फळ्यांत बारा इंचांचे अंतर ठेवावे आणि एका थप्पीत आठ-दहांपेक्षा अधिक साड्या ठेवू नयेत. तळची ओढली की सगळी उतरंड ढासळते. पैठणीसारखी जरीची साडी सुती कापडात गुंडाळून ठेवावी आणि वर्षातून दोन-तीनदा घडी मोडून दुसऱ्या जागी घालावी, नाहीतर घडीवर जर तुटते. फळीची लांबी तीन फुटांवर नेऊ नये, ती मध्ये झोल खाते.

दारांबद्दल दोन शब्द. सरकती दारे अरुंद खोलीत सोयीची, पण ती एका वेळी अर्धेच कपाट उघडतात आणि रुळांसाठी तीन-चार इंच खोली खातात. बिजागरीच्या दारांना पुढे मोकळी जागा लागते. आम्ही सहा फुटांत फूटभर रुंदीची सहा दारे केली. अरुंद दार बिजागरीवर भार टाकत नाही आणि वाटेत आडवे येत नाही. ज्यांना आज दारे परवडत नाहीत त्यांनी जाड सुती पडदा लावावा. त्यात कमीपणा नाही, वारा खेळता राहतो, आणि दारे पुढच्या बोनसला होतात.

पावसाळ्याची तजवीज आखणीतच करावी. तळ जमिनीपासून चार इंच उचललेला असावा, म्हणजे फरशी पुसताना पाणी लागत नाही. मागे भिंतीपासून इंच-दोन इंच फट ठेवावी. माथ्याशी आणि तळाशी हवेसाठी भोके किंवा जाळी असावी. अर्धवट वाळलेला कपडा आत ठेवू नये. आणि आपल्या आज्यांची एक रीत चालू ठेवावी : पाऊस सरला की आश्विनातल्या उन्हात सगळे कपडे एकदा बाहेर काढावेत आणि कपाट दिवसभर उघडे टाकावे. कसरीसाठी कडुलिंबाची वाळलेली पाने कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवता येतात. डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर त्या जरीला टेकू देऊ नयेत, आणि तान्ह्या मुलाच्या कपड्यांत तर मुळीच ठेवू नयेत. काही बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात.

सामान कोणते घ्यावे? भाड्याने राहणाऱ्याने भिंतीला ठोकलेले कपाट करू नये. बिऱ्हाड हलले की पैसे भिंतीत राहतात. त्याला पोलादी कपाट बरे. त्याला वाळवी लागत नाही, मात्र समुद्राकाठी गंजावर लक्ष ठेवावे लागते. भुशाच्या दाबीव फळ्यांचे तयार कपाट स्वस्त पडते, परंतु ती फळी पाणी प्याली की फुगते आणि एकदा निघालेला स्क्रू तिच्यात पुन्हा धरत नाही. प्लायवूड घेताना त्यावरचा शिक्का वाचावा. आय. एस. ३०३ हे सर्वसाधारण कामाच्या प्लायवूडचे मानक आणि आय. एस. ७१० हे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचे. सगळ्या कपाटाला मरीन लागत नाही. तळ आणि ओलीजवळची बाजू तेवढी चांगली घेतली तरी पुष्कळ झाले.

याच ठिकाणी आमच्या धंद्याची एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. कपाट तयार होत असताना मेस्त्री आणि त्यांचा पोरसवदा मदतनीस त्याच बंद खोलीत यंत्राच्या करवतीने फळ्या कापत, तेथेच जेवत आणि रात्री तेथेच झोपत. तिसऱ्या दिवशी त्या मुलाच्या पापण्यांवर भुसा पाहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ साली आणि पुष्कळशा फळ्यांच्या डिंकात असणाऱ्या फॉर्माल्डिहाइडला २००४ साली, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले. आपल्याला नव्या कपाटाचा वास महिनाभर येतो. त्याच्या नाकात तो जन्मभर असतो. तेव्हा कपाटाच्या अंदाजपत्रकात बिजागऱ्या आणि मुठी लिहितो तशी एक ओळ चांगल्या धूळरोधक मुखपट्ट्यांची लिहावी. कापणी गच्चीत किंवा अंगणात करू द्यावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मजुरी टप्प्याटप्प्याने, ठरल्या दिवशी द्यावी. त्याने चार-पाचशे रुपयांचा फरक पडेल. हँडलच्या पितळी मुलाम्यावर आपण त्याहून अधिक खर्च करतो.

आमचे कपाट सतरा दिवसांत झाले. तीन भाग, सहा दारे. आमचे सदरे एका भागात, संघटनेच्या फायली खाटेखाली. मंडळींचा भाग मधला, गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंत पुरा, आणि त्यात कुलपाचा एक खण. तिसऱ्या भागात वर मुलगी, खाली आई. मुलीने खणाला कुलूप मागितले तेव्हा आम्ही जुन्या सवयीने विचारले, कशासाठी? मंडळी म्हणाल्या, "व्यवस्थापनानंही हेच विचारलं होतं." कुलूप बसले. आईच्या खणालाही बसले. ती किल्ली हरवते, दर आठवड्याला आम्ही सगळे ती शोधतो. पण तिच्याऐवजी ती किल्ली दुसऱ्याने सांभाळावी असे तिने एकदाही म्हटलेले नाही. त्या खणात काय आहे ते आम्हाला ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, ही सगळी दोन खोल्यांची चैन. २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, ती घरे २२५ चौरस फुटांची होती. त्यात सहा फूट बाय दोन फूट कपाट ठेवले तर बारा चौरस फूट जातात, म्हणजे घराचा जवळजवळ एकोणिसावा हिस्सा. सोळा इंचांनी त्यातले चार चौरस फूट परत मिळतात. तेवढ्या जागेत एक मूल अभ्यासाला बसते. म्हणून लहान घरात आखणीची गरज अधिक. बंगल्यात चुकीचे कपाट खपून जाते.

शेवटचा मुद्दा सांगतो आणि आपली रजा घेतो. कपाट पुरे झाल्यावर मेस्त्रींनी उरलेल्या फळीतून एक लहानसा कप्पा केला आणि विचारले, हा कोठे लावू? मंडळी म्हणाल्या, न्हाणीघराबाहेर लावा, वर दोन खुंट्या ठोका. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाई चार घरची कामे करून येतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या भिजलेल्या असतात. बावीस वर्षे कलम ४३ तोंडपाठ असलेल्या माणसाच्या घरात त्यांच्या कोरड्या साडीला खुंटी नव्हती. आता आहे. त्या कप्प्यात त्यांची एक साडी आणि एक फणी असते.

आपण घरी गेल्यावर कपाट उघडून पाहावे. कोणते खण कोणाचे आणि ते कोणाच्या हाताच्या उंचीवर आहेत, हे मोजपट्टी नसली तरी कळेल. ज्याचा एकही खण नाही असे माणूस घरात सापडले, तर त्याला फाटकावर बसावयास लावू नका. त्याच्या आतच बोलणी करून टाका. तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, तेच सर्वांना स्वस्त पडते.

 चालकांना एकच विनंती. आज सत्काराची शाल देऊ नये. विसाव्या शालीला आमच्या घरी कप्पा नाही.